बाहेरच्या कंपनीच्या ब्रेक डिस्क आणि पॅड बसवल्यानंतर २,१०० किलोमीटरला हादरे : दोष भागांचा की बसवण्याचा?

पैनगंगाकाठ (उमरखेड तालुका)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे २०१३ सालची एक लहान डिझेल गाडी आहे. तिला पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम आहेत. महिन्यातून चार-पाच वेळा मी उमरखेड, महागाव, आर्णी या मार्गाने यवतमाळला जातो, आणि परतताना बहुतेक वेळा रात्र झालेली असते. या रस्त्यावर रात्री गाडी चालवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको की रोही (नीलगाय) शेतातून निघून थेट गाडीसमोर येऊन उभा राहतो. त्यामुळे ब्रेकच्या बाबतीत मला कोणतीही तडजोड नको आहे.

मृगाच्या सुमारास पुढच्या चाकातून लोखंड घासल्यासारखा आवाज येऊ लागला. चाक काढून पाहिले तेव्हा पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून चाक थांबवणारे तुकडे) पत्र्यापर्यंत झिजले होते आणि डिस्कवर नखाला लागतील इतक्या खोल चऱ्या पडल्या होत्या. गाडीच्या अधिकृत सेवा केंद्राने पॅड व दोन डिस्क मिळून साडेआठ हजारांचा अंदाज दिला. यवतमाळच्या बाजारात बाहेरच्या कंपनीचे तेच भाग पक्क्या बिलासह ४,६०० रुपयांना मिळाले. पेट्या सीलबंद होत्या आणि भागांचे क्रमांकही जुळत होते. गावाजवळच्या मिस्त्रींकडून ते बसवून घेतले.

पहिले दीड हजार किलोमीटर ब्रेक अतिशय छान लागत होते. त्यानंतर ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंगमध्ये थरथर जाणवू लागली, आणि आता २,१०० किलोमीटरला ती इतकी वाढली आहे की शेजारी बसलेली आईसुद्धा विचारते, "गाडी अशी का कापून राहिली?" मिस्त्रींचे म्हणणे असे की, "भाऊ, हे पार्टच डुप्लिकेट हायेत, डिस्क वाकडी झाली." दुकानदार म्हणतात की माल चांगला आहे, बसवण्यात चूक झाली असेल. दोघेही माझ्या ओळखीचे आहेत आणि दोघांवरही मी पुरावा नसताना आळ घेऊ इच्छित नाही. भाग खरोखर खराब आहेत की नाही, हे मोजून ठरवण्याची काही पद्धत आहे का?

जुना_फिटर (परतवाडा)

भाऊ, तुम्ही "मोजून ठरवण्याची पद्धत" विचारली, याचा मला फार आनंद झाला. मी तेवीस वर्षे गॅरेजात काम केले. डिस्क वाकडी झाली असे सांगून नवी विकणारे खूप पाहिले, पण डिस्क उतरवून मोजणारे फार थोडे.

आधी काही गोष्टी सांगा. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येते की नुसती गाडी चालतानाही येते? नुसत्या चालण्यात येत असेल तर आधी चाकांचे बॅलन्सिंग पाहावे लागेल. ती स्टिअरिंगमध्ये येते की बसण्याच्या जागेखाली? स्टिअरिंग हलत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकात असतो. स्टिअरिंग शांत राहून फक्त सीट आणि पेडल थरथरत असेल तर मागचे ड्रम अंडाकृती झाले आहेत का ते पाहावे लागते. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. नव्या डिस्क बसवण्यापूर्वी मिस्त्रींनी हबचा (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागाचा) तोंडाचा भाग तारेच्या ब्रशने घासून साफ केला होता का, आणि कॅलिपरच्या (पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना बाहेर काढल्या होत्या का? तुम्ही समोर उभे असाल तर आठवून लिहा.

कारंजाची_ताई

तज्ज्ञांचे उत्तर येईल तोपर्यंत माझा अनुभव नोंदवते. माझ्या गाडीत गेली सहा वर्षे बाहेरच्या कंपनीचीच पॅड आहेत आणि त्यांनी मला कधीही दगा दिलेला नाही. आपल्या देशात ब्रेकची अस्तरे आणि पॅड बनवणाऱ्या काही कंपन्या गाडी कारखान्यांनाच माल पुरवतात आणि तोच माल स्वतःच्या पेटीतून बाजारातही विकतात. म्हणून "बाहेरचे" आणि "डुप्लिकेट" हे दोन शब्द एकच समजू नयेत, अशी माझी सर्वांना विनंती आहे. डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याच्या नावाच्या पेटीत घातलेला खोटा माल, आणि बाहेरचा म्हणजे स्वतःच्या नावाने विकलेला पण गाडी कंपनीच्या पेटीत नसलेला माल.

मी दुकानातच जुने पॅड नव्यावर ठेवून पाहते. कान, भोके आणि मागच्या पत्र्याची जाडी सारखी हवी. त्यासाठी जुना भाग सोबत नेणे सर्वांत चांगले, कारण एकाच नावाच्या गाडीत साल आणि इंजिन बदलले की पॅडचा आकार बदलू शकतो, आणि पन्नास-साठ किलोमीटरवरून पुन्हा परत करायला जाणे आपल्याला परवडत नाही.

पैनगंगाकाठ

फिटरकाकाजी, थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येते. साठ ते ऐंशीच्या वेगात सर्वाधिक जाणवते आणि ती स्टिअरिंगमध्येच आहे. हब घासले नव्हते, हे मला नक्की आठवते. जुनी डिस्क हातोड्याने ठोकून काढली आणि नवी तशीच सरकवली. पिनांविषयी खात्री नाही. कॅलिपर वर उचलून पॅड बदलले, एवढे पाहिले.

जुना_फिटर

म्हणजे माझा संशय योग्य दिशेने आहे. थोडे सविस्तर लिहितो, कारण हा विषय अर्धवट समजल्यामुळे लोकांचे फार पैसे जातात.

डिस्क म्हणजे ओतीव लोखंडाची तबकडी. ती हबच्या सपाट तोंडावर बसते आणि चाकाचे नट तिला तिथे दाबून धरतात. दहा वर्षे पावसापाण्यात आणि आपल्या काळ्या मातीच्या चिखलात फिरलेल्या गाडीच्या हबवर, विशेषतः स्टडच्या (चाकाचे नट ज्यावर बसतात त्या दांड्यांच्या) बुडाशी, गंजाचे पापुद्रे साठतात. तिथे केसाइतका जरी गंज राहिला तरी डिस्क किंचित तिरपी बसते, आणि हबजवळचा तिरपेपणा डिस्कच्या कडेला जाईपर्यंत दुप्पट-तिप्पट होतो. अशी डिस्क फिरताना कडेला डोलते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट पाहा. नुसत्या डोलण्याने लगेच थरथर येत नाही, कारण सरकता कॅलिपर तिच्यासोबत थोडा हलतो. म्हणूनच तुमचे पहिले दीड हजार किलोमीटर चांगले गेले. पण ब्रेक दाबलेला नसतानाही डिस्कचा वर आलेला भाग प्रत्येक फेऱ्याला पॅडला हलकासा घासत राहतो. लक्षावधी फेऱ्यांनंतर त्या जागी डिस्क पातळ होते, किंवा पॅडचा थर तिथे कमी-अधिक चिकटतो. मग एकाच डिस्कची जाडी जागोजागी वेगळी होते, ब्रेक दाबल्यावर पॅड आत-बाहेर ढकलले जाते आणि तो धक्का स्टिअरिंगपर्यंत पोहोचतो. यासाठी फार फरकही लागत नाही. एका मिलिमीटरचा पन्नासावा हिस्सा, म्हणजे ०.०२ मिमी एवढ्या फरकानेही थरथर जाणवू शकते. ज्याला सगळे "वाकडी डिस्क" म्हणतात, ती बहुतेक वेळा वाकलेली नसून अशी असमान जाडीची झालेली असते.

त्यामुळे डिस्क हजार-दोन हजार किलोमीटर चांगली चालून मग त्रास देऊ लागली, तर मी आधी हब आणि पिना पाहतो. माल मुळातच वेडावाकडा असता तर त्याने सहसा पहिल्याच आठवड्यात स्वतःची ओळख दिली असती.

आर्वीचा_लेथ

फिटरसाहेबांनी लिहिलेल्या प्रत्येक वाक्याशी मी सहमत आहे. मोजमापाविषयी थोडी भर घालतो, कारण माझे काम तेच आहे.

जाडी मोजायला व्हर्नियर वापरू नका. वापरलेल्या डिस्कच्या कडेला न झिजलेला काठ उरतो, व्हर्नियरचे जबडे त्या काठावर टेकतात आणि माप जास्त दाखवते. बाहेरील माप घेणारा मायक्रोमीटर घ्या, कडेपासून साधारण दहा मिलिमीटर आत धरा आणि डिस्कवर खडूने आठ खुणा करून आठही ठिकाणी मोजा. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला किंवा ओतलेला असतो. त्याच्या खाली गेलेली डिस्क पुन्हा वापरू नये, कितीही गुळगुळीत दिसत असली तरी.

डोलणे मोजण्यासाठी चुंबकी बैठकीचा डायल गेज, म्हणजे बारीकशी हालचाल काट्यावर दाखवणारे मोजयंत्र लागते. चाक काढले की डिस्क हबवर सैल होते, त्यामुळे वॉशर घालून सगळे नट पुन्हा आवळल्याशिवाय घेतलेले माप निरर्थक असते. ही चूक मी चांगल्या गॅरेजातही पाहिली आहे. डायलचे टोक कडेपासून दहा मिलिमीटर आत टेकवा, डिस्क हाताने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवा आणि सर्वांत जास्त काटा जिथे गेला तिथे खूण करा. बहुतेक लहान गाड्यांच्या पुस्तिकेत ०.०५ ते ०.१० मिमीच्या दरम्यान कुठेतरी मर्यादा दिलेली असते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर. डिस्क आणि स्टड या दोघांवर समोरासमोर खूण करा. डिस्क काढून एक भोक पुढे फिरवून बसवा आणि पुन्हा मोजा. उंच जागा डिस्कसोबत फिरून पुढे गेली तर दोष डिस्कचा, आणि त्याच स्टडसमोर राहिली तर दोष हबचा. दुकानदार आणि मिस्त्री यांच्यात निवाडा करायचा असेल तर याहून सरळ साक्षीदार नाही.

एक विनंती मात्र करतो. मोजण्यापूर्वी डिस्क थेट लेथवर नेऊ नका. हबवरचा गंज तसाच राहिला तर लेथवर सरळ केलेली डिस्कही पुन्हा तिरपीच बसेल आणि महिन्याभरात तुम्ही परत माझ्यासारख्याच्या दारात उभे राहाल.

वणीचा_मास्तर

ताईंनी बाहेरच्या मालाविषयी लिहिले, त्यात दोन खुणांची भर घालावीशी वाटते. मी पॅड घेताना या खुणा पाहतो.

पॅडच्या मागच्या पत्र्यावर किंवा कडेला बऱ्याचदा कंपनीच्या संकेतांकाशेवटी दोन रोमन अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर साधारण तापमानातील घर्षण दाखवते आणि दुसरे गरम झाल्यावरचे. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. लहान गाडीला एफएफ पॅड सामान्यतः पुरेसे असते. पहिले अक्षर एफ आणि दुसरे ई असेल तर ते पॅड तापल्यावर ढिले पडते, असा त्याचा सरळ अर्थ आहे. घर्षणाचा वर्ग एवढेच ही अक्षरे सांगतात. पॅड किती टिकेल किंवा किती आवाज करेल, ते यावरून कळत नाही.

दुसरी खूण म्हणजे वर्तुळातील रोमन ई आणि तिच्यालगत ९०आर असा क्रमांक. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतील नियम ९० हा बदली ब्रेक भागांसाठीच आहे. त्यानुसार बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या कामगिरीपासून १५ टक्क्यांहून अधिक ढळता कामा नये. हा नियम युरोपातील बाजारासाठी बंधनकारक आहे, आपल्याकडे अशी खूण नसलेले पॅडही चांगले असू शकते. पण खूण खरी असेल तर त्या मालाची चाचणी झाली आहे, एवढा भरवसा मिळतो.

आमच्याकडे कोळशाच्या ट्रकांमुळे रस्त्याची धूळ काळी असते आणि चाक काढले की कॅलिपरच्या आत तिचा थर बसलेला दिसतो. तो थर कोणीही तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या किंवा अतिस्वस्त पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची भुकटी फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसावे आणि ते फडके टाकून द्यावे. गॅरेजात काम शिकणारी पोरे हे करताना पाहिली की मला फार वाईट वाटते.

पैनगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल यवतमाळला एका परिचितांच्या वर्कशॉपमध्ये डायल गेज आणि मायक्रोमीटर मिळाला आणि मिस्त्रींनाही मी सोबत घेऊन गेलो. त्यांनीही आनंदाने पूर्ण दिवस दिला.

उजव्या बाजूची डिस्क ०.०४ मिमी डोलत होती आणि आठही ठिकाणी तिची जाडी जवळपास सारखी, म्हणजे १६.९२ ते १६.९३ मिमी होती. डाव्या बाजूचे डोलणे मात्र ०.१३ मिमी निघाले आणि जाडी १६.८८ ते १६.९१, म्हणजे ०.०३ मिमीचा फरक. डिस्कवर कोरलेले किमान माप १५ मिमी आहे, त्यामुळे जाडी भरपूर शिल्लक आहे.

मग आर्वीकरांनी सांगितल्याप्रमाणे डावी डिस्क एक भोक पुढे फिरवून बसवली. काटा पुन्हा त्याच स्टडसमोर सर्वांत पुढे गेला. डिस्क उतरवून हबच्या तोंडावर टॉर्च मारला तेव्हा त्या स्टडच्या बुडाशी बोटाच्या नखाएवढा तपकिरी पापुद्रा दिसला. वरून तो लोखंडासारखाच कठीण आणि चकचकीत झाला होता, कारण डिस्कने त्याला दाबून दाबून घोटले होते. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खरवडला तेव्हा तो खवल्यासारखा निघून आला. खाली हबचे मूळ लोखंड करडे आणि स्वच्छ होते. मिस्त्री बराच वेळ तो खवला हातात धरून पाहत राहिले. तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपरने हबचे पूर्ण तोंड घासले, डिस्कची आतली बाजूही पुसली आणि पुन्हा मोजले. डोलणे ०.१३ वरून ०.०५ वर आले.

याच बाजूचे आतले पॅड ८ मिमी आणि बाहेरचे १० मिमी उरलेले दिसले. उजव्या बाजूला दोन्ही सारखी आहेत. याचा अर्थ काय घ्यावा?

जुना_फिटर

तुमचा अहवाल वाचून समाधान वाटले. मिस्त्रींना सोबत नेले, ही तर फारच चांगली गोष्ट केली. पुढच्या शंभर गाड्यांना त्याचा लाभ होईल.

आतले पॅड जास्त झिजले याचा अर्थ बहुधा कॅलिपर पिनांवर मोकळा सरकत नाही. दट्ट्या (पिस्टन) फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतले पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने पूर्ण कॅलिपर आत सरकून बाहेरचे पॅड ओढतो. पिना अडकल्या की आतले एकटेच काम करते आणि ब्रेक सोडल्यावरही टेकून राहते. तुमच्या डिस्कवरची जागा इतक्या लवकर पातळ होण्यात याचाही वाटा असणार.

दोन्ही पिना पूर्ण बाहेर काढा. एका पिनेवर रबरी बुश असेल तर ती वरची की खालची हे लिहून ठेवा, कारण त्यांची अदलाबदल करता कामा नये. रबरी टोपी कुठे फाटली आहे का, हे बोटाने दाबून पाहा. आपल्याकडे पांदण रस्त्याने गेलेल्या गाडीत फाटलेल्या टोपीतून काळी माती आत जाते आणि वाळल्यावर सिमेंटसारखी धरते. पिन आणि तिचे भोक कोरडे साफ करून ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ लावा. बेअरिंगचे साधे ग्रीस चालत नाही. खनिज तेलाने हे रबर फुगते आणि फुगलेले रबर पिनेला धरून ठेवते. ही चूक मीसुद्धा पहिली काही वर्षे करत होतो, कोणी सांगणारेच नव्हते.

दट्ट्या आत ढकलण्यापूर्वी ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण उघडून पातळी पाहा. पॅड झिजले की पातळी आपोआप खाली जाते, आणि मध्येच कोणी ती वरपर्यंत भरली असेल तर दट्ट्या मागे जाताना ऑइल बाहेर सांडते आणि गाडीचा रंग खाते. कॅलिपर रबरी पाइपवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. आणि जॅक लावताना काळ्या मातीवर लावू नका. अंगणात लावायचाच असेल तर खाली सागाची जाड फळी ठेवा, मागच्या चाकांना दगड लावा आणि गाडीखाली स्टँड दिल्याशिवाय हात घालू नका. आमच्या भागात ओल्या अंगणात जॅक कलून एकाचा हात कायमचा निकामी झालेला मी पाहिला आहे.

आर्वीचा_लेथ

हब साफ झाले आणि पिना मोकळ्या झाल्या, की आता डिस्क लेथवर नेण्यास माझी हरकत नाही. ०.०३ मिमीचा फरक आपोआप जाणार नाही. तो तसाच ठेवून गाडी चालवली तर थरथर राहीलच. दोन्ही बाजूंनी अगदी हलका कट पुरेसा आहे. डिस्क लेथवर धरताना आतली बसण्याची बाजू स्वच्छ आहे ना, हे स्वतः पाहा. उजव्या डिस्कलाही तसाच हलका हात फिरवून घ्या, म्हणजे दोन्ही पृष्ठभाग सारखे राहतील आणि गाडी ब्रेकला एका बाजूला ओढणार नाही.

पॅड टाकून देण्याची गरज नाही. पाणी मारलेला पॉलिश पेपर सपाट काचेवर ठेवून पॅडचे तोंड घासा, म्हणजे वरचा चकाकणारा थर जाईल. ओलेच घासा, मास्तरांनी सांगितलेल्या कारणासाठी.

कारंजाची_ताई

चाकाच्या नटांविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून विचारते. आमच्याकडे पंक्चर काढणारा मुलगा पान्यावर उभा राहून नट आवळतो. यानेही डिस्क तिरपी होऊ शकते का?

जुना_फिटर

होते, ताई, आणि तुम्ही अगदी नेमका प्रश्न विचारला. बहुतेक लहान गाड्यांच्या नटांना १०० न्यूटन-मीटरच्या आसपास जोर सांगितलेला असतो. नेमका आकडा आपल्या पुस्तिकेत पाहावा. साठ किलोचा माणूस फूटभर लांबीच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला तर जोर १८० न्यूटन-मीटरच्या घरात जातो. एक नट असा आणि बाकीचे हाताने आवळलेले असतील तर डिस्क हबवर असमान दाबली जाते. हवेची बंदूक वापरणारेही हेच करतात. समोरासमोरचे नट आलटून पालटून, आधी हलके आणि मग पूर्ण, असे आवळावेत. शक्य असल्यास टॉर्क पाना विकत घ्यावा. रस्त्यात पंक्चर झालेच तर घरी आल्यावर सगळे नट सैल करून पुन्हा पद्धतशीर आवळावेत.

मेळघाटवाट

मी परतवाडा ते चिखलदरा प्रवासी गाडी चालवतो. घाट उतरताना ब्रेकचे खरे रूप दिसते, म्हणून नवी डिस्क आणि पॅड यांची जोडी जमवण्याविषयी लिहितो. हा भाग लोक सोडूनच देतात.

नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो. तो रॉकेलने किंवा डिझेलने पुसू नका, मागे तेलकटपणा राहतो आणि तो पॅडमध्ये मुरतो. ब्रेक क्लीनर नसेल तर साबणाचे कोमट पाणी वापरून लगेच कोरडे करा. बसवून झाल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल पाच-सात वेळा दाबून घट्ट करा. दट्ट्या मागे ढकललेला असल्याने पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जाते. हे विसरून गाडी उतारावर सोडणाऱ्याला थांबवायला काहीच हाती नसते.

मग मोकळ्या रस्त्यावर मागे-पुढे कोणी नाही असे पाहून साठच्या वेगावरून पंधरापर्यंत मध्यम दाबाने गाडी हळू करा. पूर्ण थांबवू नका. अर्धा-पाऊण किलोमीटर मोकळी चालवा आणि पुन्हा तसेच करा. असे आठ-दहा वेळा केले की पॅडचा एक सारखा पातळ थर डिस्कवर बसतो. त्यानंतर पाच-सात किलोमीटर ब्रेक न लावता थंड होऊ द्या. पूर्ण का थांबवायचे नाही, तर तापलेले पॅड एका जागी दाबून राहिले की तिथे डाग पडतो आणि तीच पुढे थरथरीची सुरुवात होते. घाट उतरून आल्यावर जळक्या वासासकट गाडी थांबवून चाकांवर बादलीभर पाणी ओतणारे पर्यटक मी दर पावसाळ्यात पाहतो. त्यांना हात जोडून अडवतो, कारण तापलेल्या ओतीव लोखंडाला त्याने तडा जाऊ शकतो.

ब्रेक ऑइलही विसरू नका. डॉट ४ प्रकारचे नवे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल शोषते आणि पुरेसे पाणी मुरले की हीच मर्यादा १५५ अंशांवर आली तरी ते प्रमाणात बसते. घाटात ऑइलची वाफ झाली की पेडल मऊ होते. दर दोन वर्षांनी ते बदलावे आणि उघडून ठेवलेला जुना डबा वापरू नये.

पैनगंगाकाठ

उशिरा लिहीत आहे, कारण पुरेसे अंतर झाल्याशिवाय काही सांगणे मला योग्य वाटत नव्हते.

डाव्या कॅलिपरची खालची पिन हाताने निघाली नाही. पान्याने पिळत काढावी लागली. तिच्यावर मातीचा आणि जुन्या ग्रीसचा मिळून एक काळा कडक लेप होता आणि रबरी टोपीला तळाशी चीर होती. पिना, टोप्या आणि पॅडच्या दोन्ही बाजूंच्या स्टीलच्या पट्ट्या असा संच ३८० रुपयांना मिळाला. दोन्ही डिस्क लेथवर हलक्या हाताने घेतल्या. डावी आता १६.६८ मिमी आहे आणि आठही ठिकाणी फरक ०.०१ च्या आत आहे. बसवल्यावर पुन्हा मोजले तेव्हा डोलणे डावीकडे ०.०४ आणि उजवीकडेही ०.०४ आले. ऑइल बदलले. महागावच्या पुढच्या सरळ पट्ट्यावर पहाटे साडेपाचला मेळघाटवाट यांनी सांगितल्याप्रमाणे नऊ वेळा ब्रेक लावून जोडी जमवली.

त्यानंतर आतापर्यंत ३,४०० किलोमीटर झाले. थरथर अजिबात नाही. मागच्या आठवड्यात आर्णीच्या अलीकडे दोन रोही आणि त्यांच्यामागे एक पिल्लू रस्त्यावर आले. ऐंशीच्या वेगातून गाडी सरळ रेषेत थांबली आणि पिल्लू रस्ता ओलांडून तुरीत शिरेपर्यंत आम्ही थांबून राहिलो. आईने त्या वेळी काहीच विचारले नाही.

दुकानदारांना जाऊन सांगितले की त्यांचा माल चांगलाच होता. मिस्त्रींनी आता एक जुना डायल गेज मिळवला आहे आणि हब घासल्याशिवाय ते डिस्क बसवत नाहीत. त्यांचाच एक प्रश्न आहे. हब साफ केल्यावर त्याच्या तोंडाला ग्रीस लावावे का, म्हणजे पुन्हा गंज धरणार नाही?

जुना_फिटर

साधे ग्रीस मुळीच नको. गंजरोधक तांब्याचे ग्रीस बोटाने पुसून टाकल्यासारखे, नुसता रंग दिसेल इतकेच, मधल्या गोल उंचवट्याला लावायला सांगा. स्टडला आणि नटांच्या आट्यांना लावू नका, नाहीतर त्याच जोराने नट जास्त आवळले जातात. आणि पुढच्या वेळी टायर बदलायला चाके निघतील तेव्हा त्या डाव्या हबकडे एकदा टॉर्च मारून पाहा.